डोळ्यांनी बोलायचं, तेही मराठीत: मोफत सॉफ्टवेअर घरी कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका ताईंच्या वडिलांना मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी), म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार आहे. हातपाय गेलेत, बोलणं आता फक्त घरच्यांना कळतं आणि तेही सकाळच्या वेळी. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं परदेशी यंत्र त्यांना कुणीतरी सुचवलं, पण त्याची किंमत लाखांत. अशी सॉफ्टवेअर फुकटही मिळतात, असं त्यांच्या कानावर आलं. ती खरंच कामाची आहेत का, घरातल्या साध्या लॅपटॉपवर चालतील का, आणि वडिलांना मराठीत बोलता येईल का, असं त्या विचारतात.

ताई, तिन्ही प्रश्नांचं उत्तर हो असंच आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हात आणि वाचा दोन्ही गेलेल्या माणसांच्या घरी जाऊन ही सगळी मांडणी लावून देणं हे माझं रोजचं काम. फुकट आहे म्हणून सॉफ्टवेअर हलकं असेल, ही शंका आधी मनातून काढा. काही घरांत ते वर्षानुवर्षं चालतं, काही घरांत पंधरा दिवसांत कपाटात जातं. हे ठरतं तीन गोष्टींवर: स्क्रीन कुठे आणि किती तिरकी लावली, माणसाचे डोळे कुठल्या दिशांना नीट फिरतात हे आधी तपासलं का, आणि घरातल्या एका माणसाने रोज थोडा वेळ त्यासाठी राखून ठेवला का. म्हणून डाउनलोड करण्याच्या आधीची कामं आधी सांगते.

पहिलं काम 'हो' आणि 'नाही' पक्कं करण्याचं. वडिलांची मान अजून हलत असेल तर तुम्हाला याची गरज वाटणार नाही, पण मान जाण्याआधीच हे ठरवून टाका. माझी पसंती अशी: हो म्हणजे नजर वर, नाही म्हणजे नजर खाली. पापणी मिटण्यावर 'हो' ठेवू नका. पापण्या आपोआप मिटतात, आणि मग डॉक्टरांनी विचारलेल्या महत्त्वाच्या प्रश्नाला चुकून होकार गेला की सगळा गोंधळ होतो. ठरलेली खूण मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पलंगाच्या वरच्या भिंतीवर चिकटवा. रात्रीची नर्स, भेटायला आलेले काका, दवाखान्यातले नवे डॉक्टर, प्रत्येकाने तीच खूण वापरली पाहिजे. प्रश्न एका वेळी एकच विचारा. 'चहा देऊ की दूध?' याला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. आणि दोन-तीन प्रश्नांनंतर एक प्रश्न न विसरता विचारा: 'बाबा, तुम्हाला दुसरंच काही सांगायचंय का?' हा विचारला नाही, तर माणूस आपल्या प्रश्नांच्या चौकटीतच अडकून पडतो.

दुसरं काम डोळे तपासण्याचं. समोर बसा, वडिलांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर एक चमचा धरा आणि सावकाश वर, खाली, डावीकडे, उजवीकडे न्या. डोके न हलवता डोळे चारही दिशांना शेवटपर्यंत जातात का आणि तिथे सेकंदभर थांबतात का, ते बघा. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये डोळे फिरवणारे स्नायू सहसा अगदी उशिरापर्यंत शाबूत राहतात, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी आशावादी आहे. पण हे उत्तर इतरही कुटुंबं वाचतील म्हणून सांगते, प्रत्येक आजारात असं नसतं. मेंदूच्या देठात झटका येऊन सगळं शरीर लुळं पडतं तेव्हा बहुतेकदा डोळे आडवे फिरत नाहीत, फक्त वर-खाली होतात. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) या मेंदूच्या आजारात नेमकं उलट होतं, वर-खाली बघणंच आधी जातं. डावीकडे-उजवीकडे बघून चालणारं ॲप पहिल्या प्रकारच्या माणसासमोर ठेवलं तर तो कितीही हुशार असला तरी हरणारच, आणि घरचे म्हणणार, 'यांना आता समजत नाही.' हे मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो.

आता पाटी, म्हणजे नजरेने अक्षरं दाखवण्याचा पारदर्शक फळा. लॅपटॉपच्या आधी पाटी करा, कारण पाटीला वीज लागत नाही, ती दवाखान्यात नेता येते, आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये हीच मांडणी वापरायची असल्याने तिची सवय वाया जात नाही. यात आपली वर्णमाला फार मदतीला येते. इंग्रजी अक्षरांना अंगचा असा काही क्रम नाही, आपल्याकडे वर्ग तयारच आहेत. स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, य-र-ल-व, आणि श-ष-स-ह-ळ, असे बरोबर आठ गट होतात. शाळा शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ते तोंडपाठ असतात. पारदर्शक ॲक्रिलिकचा चांगला दोन फूट बाय दीड फूट तुकडा घ्या. चार कोपरे आणि चार बाजूंच्या मधोमध हे आठ गट मार्करने मोठे लिहा, मधला भाग मोकळा ठेवा. तुम्ही वडिलांच्या समोर बसून पाटी दोघांच्या मध्ये धरायची. ते ज्या गटाकडे बघतील तो तुम्हाला पलीकडून दिसतो. गट कळला की त्यातली अक्षरं एकेक करून मोठ्याने म्हणा, हवं ते आलं की ते नजर वर करतील.

काना-मात्रा-वेलांटीच्या मागे लागू नका. एका घरी मी समोर बसले होते. आजोबांनी प दिला, मग ख, मग क. सुनेने लगेच विचारलं, 'पंखा कमी करू?' आणि नजर वर गेली. तीन अक्षरांत काम झालं. मराठीत व्यंजनांच्या सांगाड्यावरून संदर्भाने शब्द ओळखणं घरच्या माणसांना फार पटकन जमतं. मात्रा हवीच असेल अशी वेळ नावं, औषधं आणि पैशांचे आकडे सांगताना येते. त्यासाठी पाटीच्या मागच्या बाजूला बाराखडीची एक ओळ आणि ० ते ९ अंक लिहून ठेवा.

पाटी पंधरा-वीस दिवस चालली की यंत्राकडे वळा. इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या: सॉफ्टवेअर मोफत आहे, पण डोळे टिपणारं उपकरण बहुतेक वेळा विकत घ्यावं लागतं. त्याला आय ट्रॅकर म्हणतात. स्क्रीनच्या खालच्या कडेला बसणारी ती एक पातळ पट्टी असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो, बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर त्याचा ठिपका चमकतो, आणि तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातल्या अंतरावरून नजर कुठे आहे याचा हिशेब होतो. चांगल्या ट्रॅकरची चूक साधारण अर्धा ते एक अंश असते. ६० सेंटीमीटर अंतरावर एक अंश म्हणजे स्क्रीनवर जवळपास एक सेंटीमीटर.

हा आकडा लक्षात ठेवा, सगळा निर्णय त्यावरच होतो. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन सुमारे ३४ सेंटीमीटर रुंद आणि १९ सेंटीमीटर उंच असते. तिच्यावर सगळी मराठी अक्षरं एकदम मांडली, म्हणजे एका ओळीत दहा आणि अशा सहा ओळी, तर एका कप्प्याला जेमतेम तीन-सव्वातीन सेंटीमीटर मिळतात. इन्फ्रारेड ट्रॅकरला ते पुरतं. पण लॅपटॉपच्या साध्या वेबकॅमवर नजर ओळखणारे मोफत प्रोग्रॅमही आहेत, त्यांची चूक चार सेंटीमीटरच्या घरात जाते. तिथे हा कीबोर्ड चालणार नाही. याउलट आठ गटांची पाटी चार-चारच्या दोन ओळींत मांडली तर प्रत्येक कप्पा साडेआठ सेंटीमीटर रुंद आणि नऊ-साडेनऊ उंच होतो. मग वेबकॅमवरसुद्धा काही प्रमाणात निभावतं. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की सुरुवात कमी आणि मोठ्या कप्प्यांनी करा. हात बसला की कप्पे वाढवता येतात.

ट्रॅकर कुठला घ्यायचा? रुग्णांसाठी म्हणून बनवलेली संपूर्ण यंत्रं, म्हणजे स्क्रीन, स्टँड आणि सॉफ्टवेअर एकत्र, ही उत्तम असतात आणि तीच लाखांत जातात. टोबी या स्वीडिश कंपनीचा गेम खेळणाऱ्यांसाठीचा 'आय ट्रॅकर ५' हा २०२० मध्ये सुमारे २३० डॉलरना बाजारात आला. तो वैद्यकीय उपकरण म्हणून विकला जात नाही, भारतात येईपर्यंत किंमत वाढते, आणि दुरुस्तीची जबाबदारी तुमच्यावर राहते. तरीही अनेक कुटुंबांसाठी हाच मधला रस्ता ठरतो. घेण्याआधी दोन गोष्टी करा. जे सॉफ्टवेअर वापरणार आहात त्याच्या चालणाऱ्या उपकरणांच्या यादीत तो ट्रॅकर आहे का ते बघा. आणि शक्य असेल तर कुणाकडून तरी आठवडाभर उसना आणून वडिलांवर लावून पाहा. मुंबईत एमएनडीच्या रुग्णांसाठी काम करणारं आशा एक होप फाउंडेशन आहे, तिथे विचारा. अशा संस्थांमधून दुसरी कुटुंबं भेटतात, आणि बंद पडून असलेली उपकरणं बहुधा अशाच ओळखीतून मिळतात.

आता सॉफ्टवेअर. विंडोजच्या लॅपटॉपसाठी माझी पहिली निवड 'ऑप्टिकी'. ज्युलियस स्वीटलँड या प्रोग्रॅमरने ते २०१५ मध्ये सगळ्यांसाठी मोफत आणि मुक्तस्रोत म्हणून खुलं केलं. नजरेने टाइप करणं, टाइप केलेलं मोठ्याने बोलणं, माऊस चालवणं, चित्रांची पाटी, हे सगळं त्यात आहे. माझ्या दृष्टीने त्याचं मोठेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे ट्रॅकर नसेल तर ते साध्या माऊसच्या बाणावरही चालतं. त्यामुळे ट्रॅकर येण्याआधी तुम्ही स्वतः माऊस धरून सगळं शिकून घेऊ शकता, पाट्या तयार करू शकता. दुसरं म्हणजे स्वतःचे कीबोर्ड बनवता येतात. त्यासाठी एक्सएमएल प्रकारची साधी मजकुराची फाइल लिहावी लागते. तुम्हाला जमणार नसेल तर शेजारचा कॉम्प्युटर शिकणारा मुलगा नमुन्याची फाइल बघून एका दुपारी करून देईल. त्यात वरचेच आठ गट मांडा, प्रत्येक गट उघडला की आतली अक्षरं, आणि एक वेगळा कप्पा रोजच्या वाक्यांचा.

दुसरा पर्याय 'ॲस्टेरिक्स ग्रिड'. हे व्हिएन्नाच्या 'टेक्निकुम वीन' या उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठातल्या प्रकल्पातून आलं, तेही पूर्ण मोफत. ते ब्राउझरमध्ये उघडतं, एकदा उघडलं की इंटरनेट नसतानाही चालतं, आणि कप्प्यांत थेट मराठी लिहिता येतं. फाइल लिहिण्याची भानगड नाही, माऊसने कप्पे ओढून मांडायचे. स्पेनमधल्या आरागॉन सरकारची अरासाक चित्रं त्यात मिळतात, त्यामुळे लहान मुलांसाठी आणि न शिकलेल्या माणसांसाठी हे अधिक सोयीचं. फक्त इथे ट्रॅकरने माऊसचा बाण हलवला पाहिजे, त्यासाठी एक छोटा वेगळा मोफत प्रोग्रॅम लावावा लागतो. बाण कप्प्यावर थांबला की कप्पा निवडला जातो.

विंडोजमध्ये स्वतःचीही सोय आहे. अमेरिकन फुटबॉलपटू स्टीव्ह ग्लीसन याला हाच आजार झाला आणि त्याने मायक्रोसॉफ्टकडे धरलेल्या आग्रहातून २०१४ च्या सुमारास काम सुरू झालं. २०१७ पासून विंडोज १० मध्ये 'आय कंट्रोल' आलं. पण त्यातला कीबोर्ड मराठी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला नाही. ई-मेल उघडणं, यूट्यूब लावणं यासाठी ते वापरा, बोलण्यासाठी नको. केंब्रिजचे डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं 'डॅशर' मला मनापासून आवडतं. अक्षरं समोरून वाहत येतात आणि नजर हव्या त्या अक्षराकडे नेत राहिलं की वाक्य बनत जातं, कुठेही थांबावं लागत नाही. २००२ मध्ये त्यांनी सरावलेल्या माणसाला मिनिटाला २५ शब्दांपर्यंत जाता येतं असं दाखवलं होतं. पण ते शिकायला धीर लागतो. आजारी माणसाला पहिल्याच दिवशी ते देऊ नका.

फोनवरच भागवायचं असेल तर गूगलचं 'लुक टू स्पीक' हे अँड्रॉइडवरचं मोफत ॲप २०२० च्या अखेरीस आलं. वेगळं उपकरण लागत नाही, पुढचा कॅमेरा पुरतो. वाक्यांची यादी डावी-उजवी अशी दोन भागांत येते, ज्या बाजूला बघाल तो भाग उरतो, असं अर्धं-अर्धं होत शेवटी एक वाक्य राहतं आणि ते बोललं जातं. वर बघितलं की रद्द. वाक्यं आपली आपण बदलता येतात. मोठं बोलणं त्यात होणार नाही, पण 'कफ काढा', 'कूस बदला', 'मान सरळ करा' एवढ्यासाठी मी ते आनंदाने लावून देते. फोन डोळ्यांच्या थोडा खाली आणि अगदी स्थिर हवा. आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर सप्टेंबर २०२४ च्या आयओएस १८ पासून नजरेने फोन चालवण्याची सोय आतच आहे, फक्त छोट्या स्क्रीनमुळे डोळे लवकर थकतात. त्यापेक्षा आयपॅड बरा.

मराठी आवाजाचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर असे दोन नैसर्गिक वाटणारे मराठी आवाज आहेत, तेही फुकट. ॲस्टेरिक्स ग्रिड एजमध्ये उघडलं की ते वापरता येतात. तुमच्या बाबांसाठी मनोहर लावा. या आवाजांना इंटरनेट लागतं. इंटरनेटशिवाय बोलायचं तर ई-स्पीक एनजी हा मोफत आवाज विंडोजमध्ये बसवता येतो आणि ऑप्टिकी तो वापरू शकतं. तो ऐकायला यांत्रिक आहे, पण शब्द कळतात. रोमन लिपीत मराठी टाइप करून इंग्रजी आवाजाकडून वाचून घेण्याचा प्रयत्न मात्र करू नका, ते कुणालाही कळत नाही. बाबांना रोमनमध्येच सवय असेल तर टाइप करू द्या आणि तुम्ही स्क्रीनवर वाचा.

याहून मोलाचं एक काम मात्र याच आठवड्यात करा, कारण त्याची वेळ निघून जाते. सकाळी बाबांचा आवाज अजून कळतो असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळेत त्यांच्या आवाजातली छोटी वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा. नातवंडांना ते जशी हाक मारतात ती हाक, आईशी बोलतानाचं 'अगं', फोन उचलल्यावरचा त्यांचा पहिला शब्द, रागावतानाचा, हसण्याचा आवाज. एका वेळी पाच-सहा वाक्यं, थकवा येईपर्यंत नाही. पुढे हीच रेकॉर्डिंग पाटीच्या कप्प्यांना जोडता येतात. 'पाणी द्या' हे मनोहरने म्हटलं तरी चालेल, पण नातीच्या नावाची हाक आजोबांच्या स्वतःच्या आवाजात आली पाहिजे.

बसवणीकडे येते, कारण खरा वेळ इथेच जातो. स्क्रीन चेहऱ्याला समांतर हवी, जमिनीला काटकोनात नव्हे. माणूस पलंगावर ३० अंश मागे टेकून बसला असेल तर स्क्रीनही तेवढीच पुढे झुकली पाहिजे. डोळे आणि ट्रॅकर यांच्यात ५० ते ७० सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे साधारण हातभर. भिंतीला किंवा पलंगाला लावायचा मॉनिटर-आर्म बाजारात मिळतो, नाहीतर गावातला फॅब्रिकेटर पाइपचा सांगाडा करून देतो. त्याला फक्त एवढं सांगा की उंची आणि झुकाव दोन्ही बदलता आले पाहिजेत आणि कूस बदलताना सगळं एका हाताने बाजूला सरकलं पाहिजे. दर वेळी पंधरा मिनिटं लागली तर कोणीच ते रोज करणार नाही.

मग कॅलिब्रेशन. स्क्रीनवर ठिपके येतात, त्यांच्याकडे क्रमाने बघायचं, त्यातून ट्रॅकर त्या माणसाचे डोळे शिकतो. ज्या स्थितीत वापरणार त्याच स्थितीत ते करा. बसून केलेलं कॅलिब्रेशन आडवं झाल्यावर बिघडतं. एका घरी निवृत्त मुख्याध्यापक सकाळी छान टाइप करायचे आणि चारनंतर बाण नुसता उड्या मारायचा. घरचे म्हणत, संध्याकाळी ते दमतात. खोलीला पश्चिमेची खिडकी होती. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, ते गालावर आणि चष्म्यावर पडलं की ट्रॅकरचा ठिपका त्यात हरवतो. खिडकीला जाड चादर लावल्यावर सर रात्री नऊपर्यंत टाइप करू लागले. जुने पिवळे बल्बही असाच त्रास देतात, एलईडी सहसा देत नाहीत.

चष्म्याचंही बघा. दोन भागांच्या चष्म्यातली आडवी रेघ नेमकी बाहुलीवर येते. फक्त स्क्रीनच्या अंतरासाठी एकाच नंबरचा साधा चष्मा करून घेतला तर फरक पडतो. या आजारात पापणी कमी मिटते, डोळे कोरडे पडतात आणि मग ट्रॅकर चुकतो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब ठेवा. पापण्या खाली ओघळत असतील तर स्क्रीन किंचित वर न्या. बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मोठा मास्क असेल तर त्याची वरची कड खालून बघणाऱ्या ट्रॅकरच्या आड येते, तेव्हा नाकापुरता मास्क चालेल का हे श्वसनाच्या डॉक्टरांना विचारा. मास्क स्वतः बदलू नका.

शिकवताना एक गोष्ट सगळ्यांना जड जाते. डोळे बघण्यासाठीही असतात आणि आता दाबण्यासाठीही. त्यामुळे नुसतं बघितलं तरी कप्पा दाबला जाईल ही धास्ती बसते. म्हणून कप्पा निवडायला नजर किती वेळ थांबली पाहिजे ती वेळ सुरुवातीला सेकंद-सव्वा सेकंद ठेवा, सवय झाली की हळूहळू कमी करा. पाटीवर एक कोपरा रिकामा ठेवा, नजर टेकायला. ऑप्टिकीत झोपेचा कप्पा असतो, तो दाबला की बाकी सगळं थांबतं, तो पहिल्याच दिवशी शिकवा. पहिले काही दिवस लिहायला लावूच नका. गाणं लावणं-थांबवणं, नातवंडांचे फोटो पुढे सरकवणं, पंखा लावा-बंद करा म्हणणं, असं ज्याचं फळ लगेच दिसतं ते करू द्या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

वेगाची अपेक्षा आधीच योग्य ठेवा. आपण मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. डोळ्यांनी टाइप करणारा माणूस पाच ते दहा शब्दांवर असतो. ते लिहीत असताना वाक्य मधेच तोडून 'हो हो, कळलं' म्हणू नका. त्यांनी पूर्वी तशी मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. वाट बघण्याची सवय घरच्यांना लावणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि मी त्याबाबत कडक असते. पुढे श्वासाचं यंत्र, गळ्याला छिद्र, पोटातून नळी असे निर्णय येतील. त्या वेळी बाबांचं मत त्यांच्याच शब्दांत मिळालं पाहिजे, 'यांना काय वाटत असेल' यावर नाही. हे बोलणं पाटी चालू असतानाच, घाई नसताना सुरू करा.

'हॉकिंगसारखं यंत्र हवं,' असंही अनेकजण म्हणतात. स्टीफन हॉकिंग डोळ्यांनी टाइप करत नव्हते. चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर त्यांच्या गालाची हालचाल टिपायचा आणि स्क्रीनवर पुढे-पुढे सरकणारा उजेड हव्या त्या अक्षरावर आला की गाल हलवून ते थांबवायचे. इंटेलने त्यांच्यासाठी केलेलं 'अकॅट' हे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी मोफत केलं. बाबांचा एखादा बोटाचा, गालाचा किंवा भुवईचा स्नायू अजून खात्रीने हलत असेल तर त्या स्नायूने दाबायचं एक बटन आणि स्क्रीनवर असा सरकणारा उजेड, हे डोळ्यांपेक्षा कमी थकवणारं ठरू शकतं. मी बहुतेकांकडे दोन्ही लावते, सकाळी डोळे आणि संध्याकाळी बटन.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पालकही मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून एवढंच सांगते. तिथे डोळे थरथरणं, तिरळेपणा, डोकं अनावर हलणं असतं, आणि मुलाला भाषा शिकायचीच असते. तिथे चित्रांची पाटी आधी, आणि स्पर्श जमत असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही आहे, ते बघा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-भाषेची तपासणी होते.

कागदपत्रांत दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. बाबांना नेणं-आणणं अवघड होण्याआधी हे उरकलेलं बरं.

आता या आठवड्यात लॅपटॉपला हात लावू नका. हो-नाहीचा कागद भिंतीवर, ॲक्रिलिकची पाटी, आणि सकाळची रेकॉर्डिंग, एवढंच करा. त्यासोबत बाबांचे डोळे चमच्यामागे चारही दिशांना फिरतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, चष्मा लावून एकदा आणि काढून एकदा, आणि ते बहुतेक वेळ कसे बसतात किंवा झोपतात त्याचा बाजूने काढलेला एक फोटो. ते मला दाखवलंत की ट्रॅकर घ्यायचा की नाही, आणि पहिली पाटी किती कप्प्यांची करायची, हे नेमकं सांगता येईल.